दुसरा चमचा

(दृश्य: सदाशिव पेठ, रात्रीचे साडेदहा. अभ्यासिकेच्या जिन्यात चपलांचा ढीग.)

सदाशिव पेठेत दिवस लवकर संपत नाही. जुने वाडे पडून उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये एकेका मजल्यावर अभ्यासिका आहे, आणि आत लातूर, बीड, जळगावहून आलेली मुलं-मुली राज्यसेवेचा अभ्यास करत बसली आहेत. या कोपऱ्यातल्या टेबलावर बघा. पाण्याची बाटली, तीन रंगांचे हायलायटर आणि इन्स्टंट कॉफीची छोटी बरणी. एक मुलगी थर्मासातलं गरम पाणी कपात ओतते, चमचाभर पावडर टाकते, ढवळते. मग थोडं थांबून आणखी एक चमचा टाकते.

तो दुसरा चमचा महत्त्वाचा. शिगोशीग भरलेल्या चहाच्या चमच्यात कॉफी असते जेमतेम 2 ग्रॅम, आणि तिच्यात साधारण 60 मिलिग्रॅम कॅफीन. दोन चमचे झाले, की 120. उद्या कुणी विचारलं तर ती सांगेल, "रात्री एकच कप घेतला." आणि ते खरंच असेल.

आपल्या मेंदूत दिवसभर अ‍ॅडेनोसीन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॅफीन त्या जागा आधीच अडवतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं. थकवा उतरलेला नसतो, तो उभ्यानं प्रवास करत असतो. रुमाल उचलला गेला की बसतोच.

आणि हा रुमाल लवकर उचलला जात नाही. निरोगी माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफीन जायला सुमारे 5 तास लागतात. कुणाला कमी, कुणाला बरेच जास्त. म्हणजे साडेदहाच्या 120 मधलं साडेतीनला 60 उरतं. सकाळी साडेआठला, सराव परीक्षेच्या बाकावर, अजून 30. मधल्या काळात झोप लागलीच, तरी ती हलकी, तुटक. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत. म्हणून या मुलांची काळजी वाटते: ज्या अभ्यासासाठी जागायचं, त्याचाच पाया ही जाग पोखरते.

(दृश्य: फर्ग्युसन रस्ता, सकाळ. स्टीलचा पेला, वाटी, वर फेस.)

सकाळी फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली, रूपालीच्या टेबलांवर फिल्टर कॉफी येते. हिचा हिशेब डब्यात सुरू होतो. वरच्या भांड्याला बारीक भोकं, त्यात पावडर, वरून उकळतं पाणी. खाली थेंबथेंब डिकॉक्शन जमतं. पावडरीच्या पाकिटावर कॉफी किती आणि चिकोरी किती, हे छापलेलं असतं. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, तिच्यात कॅफीन नाही. कॉफीतही रोबस्टा जातीच्या दाण्यात अरेबिका जातीपेक्षा जवळपास दुप्पट कॅफीन. तेव्हा रंग आणि कडूपणा यांवर जाऊ नका.

मग किती चालेल? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. त्यांच्याच हिशेबानं 150 मिलिलिटर फिल्टर किंवा गाळलेल्या कॉफीत 80 ते 120, इन्स्टंटमध्ये 50 ते 65, आणि चहातही 30 ते 65. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं निरोगी प्रौढांसाठी 400 पर्यंत, पण एका वेळी 200 च्या वर नको, असं 2015 मध्ये म्हटलं. गरोदर बाईसाठी दिवसभरात 200; गरोदरपणात कॅफीन शरीरातून फार सावकाश जातं. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा, असंही आपली पोषण संस्था सांगते. त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं.

आमच्या घरी कॉफी म्हणजे उकळतं दूध, साखर, चिमूटभर पावडर आणि वर किसलेलं जायफळ. जायफळानं झोप येते असं आई म्हणायची. ती कॉफी जागण्यासाठी नसायचीच, घरी कुणी आलं की व्हायची.

ज्यांना कमी करायची आहे त्यांनी एकदम सोडू नये. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, आणि पुन्हा कप हातात येतो. आधी दुसरा चमचा जाऊ द्यावा, मग शेवटच्या कपाची वेळ दुपारी तीनवर आणावी.

(दृश्य: रात्रीचा दीड. अभ्यासिकेच्या जिन्याखाली चार-पाच जण.)

खाली चहा आलाय. ती मुलगीही उतरली आहे. हातात पुस्तक, बोट पानात. "अर्धाच द्या काका," ती म्हणते.