‘हायब्रीड’ला बदनाम करू नका

नमस्कार श्रोतेहो. पेरणीआधीची गोष्ट. पुतण्यानं सोयाबीन बियाण्याच्या पिशव्या आणून ओसरीवर ठेवल्या. घरात गेल्या हंगामाचं निवडक सोयाबीन पोत्यात पडलेलं. म्हटलं, "हे काऊन आणलं रे?" तर म्हणे, "काका, हायब्रीड हाय ना ते. घरचं पेरून चालत नाही."

तो एक शब्द त्याच्या खिशाला भोवला, म्हणून आज त्याच्याविषयीच बोलतो.

हायब्रीड म्हणजे संकरित. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेलं पहिल्या पिढीचं बी. शब्द मूळचा लॅटिन. पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिल्लाला तिकडे तसं म्हणत. १९६०च्या दशकात आपल्याकडे संकरित ज्वारी आली. रास वाढली, पण म्हाताऱ्या माणसांना भाकरीत जुनी चव लागेना. मग जे जे पोकळ, बेचव, नाजूक, ते ते हायब्रीड! पोरगं पोतं उचलताना दमलं तरी हायब्रीड. मला हे फार खटकतं. चांगल्या संकराचं पीक तर आईबापापेक्षा जोमानं वाढतं. ज्या शब्दात जोम आहे, त्याची आपण शिवी केली.

दुसरी चूक पैशाची आहे. दुकानातली प्रत्येक छापील पिशवी आपण हायब्रीड समजतो. आपली बीटी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, संकरित आहे. तिची सरकी ठेवून पेरली तर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत, म्हणून बी दरवर्षी घ्यावं लागतं. (बीटी हा बोंडअळीला रोखण्यासाठी घातलेला जनुक, संकर ही वेगळी गोष्ट. तीही गल्लत होते.) सोयाबीनचं तसं नाही. त्याचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं. जे.एस. ३३५ सारखे सोयाबीनचे वाण सरळ वाण आहेत, म्हणजे पेरलं तसंच पुढं निघणारे. त्यांचं घरचं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं. फक्त पोतं आपटायचं नाही. दाण्याचं टरफल पातळ असतं, मार लागला की कोंब गेला.

पुतण्याला जवळ बसवलं. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी १०० दाणे मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी उघडली. एकेका कोंबावर बोट ठेवत तो मोजत गेला. ७० उगवले तरी पुरतात, इथे ८१ निघाले.

संध्याकाळी पिशव्या परत घेऊन गेला. दुकानदारानं विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, हे हायब्रीड नाही. सरळ वाण हाय, घरी हाय आपल्याकडं."