फोन आईच्याच हातात राहू द्या

अध्यक्ष महोदया, मंडळाचे पदाधिकारी आणि इथे जमलेल्या सर्व मंडळींना माझा नमस्कार. न्यू जर्सीत येऊन मला एकोणीस वर्षे झाली. माझी आई मात्र दापोली तालुक्यात, हर्णैजवळच्या आमच्या गावी, जांभ्या दगडाच्या जुन्या घरात एकटी राहते. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिचे घर, तिचे आगर आणि तिची माणसे तिथे आहेत आणि तिला तिथेच राहायचे आहे. त्यामुळे तिच्या मोबाईलचे, बँकेचे आणि सरकारी कागदांचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या घरात रोजचा आहे, आणि समोर बसलेल्या बहुतेकांच्या घरीही तो असणार, म्हणून आज याच विषयावर बोलण्याची परवानगी मी मंडळाकडे मागितली.

माझे वडील, म्हणजे अप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि घरातला कागदाचा प्रत्येक व्यवहार तेच पाहत. तीन वर्षांपूर्वी ते गेले. दिवसकार्य आटोपून इकडे परतण्यापूर्वी घाईघाईने जी कामे मी उरकली, त्यांतले एक म्हणजे अप्पांचा मोबाईल बंद करून कपाटात ठेवणे. कोणी वापरणार नसलेल्या फोनला रिचार्ज कशाला मारायचा, एवढाच विचार त्यामागे होता. नव्वद दिवस न वापरलेला क्रमांक बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्या कोणालाही दिला जाऊ शकतो, याकडे माझे लक्षच गेले नाही. बँकेतले दोघांचे खाते, गॅस, वीजबिल, इतकेच काय, आईचे आधारसुद्धा अप्पांच्याच क्रमांकाला जोडलेले होते. क्रमांक बंद पडला आणि ओटीपी यायचे थांबले. तो सगळा गुंता सोडवण्यासाठी आईला ऐन पावसाळ्यात एसटीने तीन वेळा दापोलीला जावे लागले, आणि तिसऱ्या खेपेला बँकेतल्या माणसाने तिला सांगितले, ‘तुमच्या मुलीलाच फोन करायला सांगा.’ ज्या बाईने चाळीस वर्षे आगराचा आणि गडीमाणसांचा हिशेब ठेवला, तिला स्वतःच्या पैशांबद्दल बोलण्यासाठी समुद्रापलीकडच्या मुलीची गरज आहे असे ठरवले गेले होते. ते तिने मला फोनवर सांगितले तेव्हा ती रडली नाही, पण तिचा आवाज मी विसरलेले नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल, त्यांना माझे पहिले सांगणे हेच की, गेलेल्या माणसाचा फोन बंद करण्यापूर्वी तो क्रमांक कुठे कुठे जोडलेला आहे याची यादी करा, आणि एकेक नोंद हयात असलेल्या माणसाच्या स्वतःच्या क्रमांकावर नेल्याशिवाय रिचार्ज थांबवू नका. आधारवरचा मोबाईल क्रमांक बदलताना ज्याचे आधार त्यानेच हजर असावे लागते. ते काम तुम्ही गावी असतानाच करून घ्या.

त्यानंतर मी जे केले ते अधिक चुकीचे होते, आणि आज इथे उभी राहण्याचे खरे कारण तेच आहे. आईच्या नावाने नवे सिमकार्ड घेतले, क्रमांक जोडून घेतले आणि तिचे सगळे व्यवहार मी इथून करू लागले. वीजबिल भरायचे असले की मी माझ्या लॅपटॉपवर बसायची आणि तिकडे फोन लावून म्हणायची, ‘आई, आत्ता एक आकडा येईल तो वाच.’ ती चष्मा लावून एकेक आकडा वाची, मी इकडे टाइप करी आणि काम दोन मिनिटांत होई. मला त्याचे समाधान वाटत होते. ओटीपी कोणालाही सांगू नका, असे बँका सतत बजावत असतात, आणि मी तिची मुलगी तिला दर आठवड्याला नेमकी उलट सवय लावत होते: फोन येतो, ओळखीच्या आवाजात कोणीतरी आकडा मागते आणि आपण तो वाचायचा असतो.

एका संध्याकाळी तिला संदेश आला की, मागचे बिल भरलेले नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज कापली जाईल, तेव्हा खालील अधिकाऱ्याला ताबडतोब फोन करा. हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे, आणि खाजगी क्रमांकावरून आलेल्या अशा संदेशांवर विश्वास ठेवू नका, असे महावितरणने अनेकदा जाहीरही केले आहे. आईने फोन लावला. पलीकडचा माणूस अदबीने बोलला, दहा रुपये भरून खाते चालू करतो म्हणाला आणि शेवटी त्याने माझेच वाक्य उच्चारले: ‘आलेला आकडा वाचा.’ तिने चष्मा लावला. तेवढ्यात रेंज गेली आणि फोन तुटला. आमच्या घरी रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात मिळते आणि चष्मा आणायला ती माजघरात गेली होती. केवळ त्यामुळे तिचे पैसे वाचले.

त्या रात्री मला एवढेच कळले की असा फोन आला होता, पण तेवढ्यावरूनच मी ठरवले की यापुढे तिच्या फोनवरचे कोणतेही काम माझ्या हातांनी होणार नाही. वेळ लागला तर लागू दे, पण फोन तिच्या हातात राहील, बोट तिचे असेल आणि आकडा तिने वाचून तिथेच तिनेच टाकायचा. पुढच्या मे महिन्यात मी तीन आठवडे गावी राहिले आणि रोज सकाळी चहानंतर तासभर तिच्या शेजारी बसले. समोर बसले नाही, कारण समोरून दाखवताना डावे-उजवे उलटे होते आणि आपला हात नकळत फोनकडे जातो.

पहिल्या दोन दिवसांत जे दिसले ते मी आधी कधीच पाहिले नव्हते, कारण दरवेळी फोन मी तिच्या हातातून काढून घेत असे. आई चिन्हावर बोट ठेवी आणि ते दाबून धरी. विजेचे बटण असो, मिक्सर असो, आयुष्यभर तिने जी यंत्रे वापरली ती दाबल्यावर चालतात. फोनला मात्र दाबून धरणे म्हणजे वेगळाच हुकूम वाटतो: चिन्हे जागची हलतात, ‘काढून टाका’ असे काहीतरी वर येते आणि ती घाबरून फोन खाली ठेवते. त्यातच उतारवयात कातडी कोरडी पडते, त्यामुळे हलका स्पर्श पडद्याला कळत नाही आणि माणूस आणखी जोराने दाबतो. ‘मला जमत नाही’ असे ती वर्षभर म्हणत होती त्याचा अर्थ बराचसा एवढाच होता. याला एक सोपा उपाय आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या भागात, बोट किती वेळ टेकले म्हणजे ते ‘दाबून धरले’ असे समजायचे, ही मुदत वाढवता येते. आयफोनमध्येही अशा सोयी आहेत. अक्षरे मोठी करण्याचे सर्वांना सुचते. ही मुदत वाढवण्याचे मला स्वतःला कधी सुचले नव्हते.

तिसऱ्या दिवशी आईने अप्पांची एक कोरी वही काढली आणि स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत लिहायला सुरुवात केली. ‘टॅप’ हा शब्द तिने लिहिला नाही. तिने लिहिले, ‘देवाला गंध लावतो तसे टेकवून लगेच उचलायचे.’ ‘स्वाइप’साठी तिने लिहिले, ‘समईतली वात सारतो तसे.’ व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप बोलताना मात्र माइकच्या चिन्हावर बोट खरोखरच धरून ठेवावे लागते. तिथे तिने लिहिले, ‘इथे मात्र सोडायचे नाही, बोलणे संपेपर्यंत.’ मी तिला वर्षभर इंग्रजी शब्दांत जे सांगत होते, ते तिने तीन ओळींत मांडले आणि त्यानंतर ती चुकली नाही. आपण मोठ्या माणसांना छापील सूचना करून देतो, बाण काढलेली चित्रे पाठवतो. त्यांचा उपयोग होत असेल, पण वही ज्याची त्याने लिहावी, असे माझे ठाम मत आहे.

फोनची भाषाही आम्ही मराठी केली. त्यातली मराठी फारशी घरगुती नाही हे मान्य केले पाहिजे, पण ‘रद्द करा’ आणि ‘पुढे जा’ यांतला फरक आईला वाचता येतो. ‘अनुमती द्या’ या शब्दांपाशी मात्र आम्ही बराच वेळ थांबलो, कारण कोणी अनुमती मागितली तर ती द्यावी, असे तिचे वळण आहे. कोण मागतो आहे आणि कशाची मागतो आहे हे कळल्याशिवाय ती द्यायची नाही, हे तिला पटायला दोन दिवस लागले.

दरवर्षी नोव्हेंबरात तिला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू केली आणि बोटांच्या ठशावर दाखला मिळू लागला, पण ज्या हातांनी आयुष्यभर कोकमे फोडली, नारळ सोलले आणि काजूबिया भाजून फोडल्या, त्या हातांचे ठसे यंत्राला सहज लागत नाहीत. काजूच्या टरफलातले तेल कातडी भाजून काढते, हे कोकणातल्या बायकांना सांगावे लागत नाही. रेशनच्या दुकानातही हीच अडचण येते. २०२१ पासून मोबाईलच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून हा दाखला देता येतो, आणि गेल्या नोव्हेंबरात आईने तो अंगणात उजेडाला बसून स्वतः काढला. मी व्हिडिओ कॉलवर होते आणि गप्प होते. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही हा दाखला काढून देतो. आमच्या गावात मुंबईची मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन ओटीवर बसून पैसे मोजून देई आणि आलेले पत्र वाचूनही दाखवी. उत्तर लिहून देणारे मास्तर तर सांगणाऱ्याचेच शब्द लिहीत, स्वतःचे घालत नसत. चाकरमान्यांच्या त्या काळात ही मदत कशी करायची हे कोकणाला चांगले ठाऊक होते.

इतक्या दूरवरून सगळे होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवण्याची सोय २०२३ मध्ये आली आणि तिचा आम्हाला फार उपयोग होतो, पण एका अटीवर: आईने स्वतः मला फोन लावला असेल तरच पडदा दाखवायचा, समोरच्याने फोन करून मागितला तर कधीही नाही, मग तो माझ्याच आवाजात बोलत असला तरी. उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा तिकडे सकाळचे सात वाजतात. शुक्रवारची ती वेळ आम्ही राखून ठेवली आहे. मधल्या दिवसांत अडले तर वाडीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी येते. तिला आम्ही रीतसर पैसे देतो, कारण फुकटच्या मदतीसाठी आई कोणाला दुसऱ्यांदा हाक मारत नाही. पिन मात्र त्या मुलीलाही सांगायचा नाही, हे तिघींनी मिळून ठरवले आहे. याच कारणाने मी तुम्हाला विनंती करते की, इथला जुना फोन तिकडे नेऊन देण्यापूर्वी विचार करा. जो फोन वाडीत कोणी हाताळलेला नाही आणि दापोलीत कोणी दुरुस्त करत नाही, तो कितीही महागाचा असला तरी त्यांना एकटे पाडतो.

कागदाची जागा कागदालाच राहू द्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली आणि मंडणगडात झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले आणि टॉवर मुके झाले. अप्पा तेव्हा होते. पाच दिवस आम्हाला कसलाही पत्ता लागला नाही, आणि पुढे दुसऱ्याच्या फोनवरून अप्पा आमच्याशी बोलू शकले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी आमचे क्रमांक लिहून ठेवले होते म्हणून.

आता फसवणुकीबद्दल एक गोष्ट, जी मला सर्वांत जास्त सलते. आमच्या नात्यातल्या एका काकांचे पैसे अशाच फोनमुळे गेले आणि त्यांनी चार दिवस ते घरात कोणाला सांगितले नाही. मुलगा रागावेल, फोन काढून घेईल, ही भीती होती. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर तक्रार होईल तितकी पैसे मधेच अडवले जाण्याची शक्यता अधिक, आणि तेच चार दिवस हातचे गेले. म्हणून पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, व्हिडिओ कॉलवर पोलीस कोणालाही अटक करत नाहीत, हे जसे आपण त्यांना सांगतो, तसेच आणखी एक वाक्य सांगून ठेवले पाहिजे: काहीही झाले तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही. आणि मग खरोखरच रागवायचे नाही. आईला मी हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने मला त्या वीजबिलाच्या फोनची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. तोवर ‘फोन आला होता, पण मी बोलले नाही’ एवढेच तिने मला सांगितले होते.

चहापानानंतर शेजारच्या खोलीत आपण तासभर बसणार आहोत. प्रत्येकाने आपला फोन आणावा. दाबून धरण्याची ती मुदत कशी वाढवायची हे आधी स्वतःच्या फोनवर स्वतःच्या बोटाने करून पाहू, म्हणजे गणपतीला गावी गेल्यावर शेजारी बसून सांगता येईल. आईच्या वहीतल्या चार पानांची छायाचित्रे मी तिच्या परवानगीने आणली आहेत. पाचव्या पानापासून तिचा आगराचा हिशेब सुरू होतो, तो तिने दाखवू दिलेला नाही.