एकाच नावाची अनेक माणसे: जुन्या जनगणनेतून पूर्वजांचा शोध

मित्रहो, इंग्लंड आणि वेल्सच्या जुन्या जनगणनेत जॉन जोन्स नावाचा पूर्वज शोधायला बसले की ते नाव पानोपानी सापडते, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. वेल्समध्ये मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावण्याची रीत होती. ती हळूहळू मागे पडून बापाचे नावच कायमचे आडनाव झाले. मुळात नावे मोजकीच असल्यामुळे जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स ही आडनावे एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या असंख्य घराण्यांकडे गेली. म्हणून केवळ आडनाव जुळले याला मी पुरावा मानत नाही.

ही जनगणना 1801 पासून होत असली, तरी माणसांची नावे पद्धतशीरपणे टिपलेली पहिली देशव्यापी नोंद 1841 ची आहे. तिच्यात पंधरा वर्षांवरील व्यक्तींची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, त्यामुळे अडतीस वर्षांचा माणूस पस्तिसाचा दिसतो; शिवाय घरातल्या माणसांचे परस्परांशी नाते दिलेले नाही. 1851 पासून मात्र कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते, वैवाहिक स्थिती आणि जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीनुसार ठरलेला गावभाग, मिळू लागतो. तेव्हा शोध नेहमी अलीकडच्या, खात्रीच्या नोंदीपासून सुरू करावा आणि दहा-दहा वर्षांनी मागे जावे.

मागे जाताना एकटा माणूस न शोधता त्याचे सगळे घर शोधावे. समजा, 1871 मध्ये जॉन आणि मेरी जोन्स यांच्या घरी जॉन, मेरी आणि केझाया अशी तीन मुले आहेत. या घराची किल्ली केझायाकडे आहे, कारण हे नाव विरळ आहे. मुलांची जन्मस्थळे वेगवेगळी असतील तर कुटुंब कोणत्या वर्षांच्या दरम्यान कुठून कुठे गेले, हेही त्यांवरून कळते. घरात सासू राहत असेल तर तिच्या आडनावावरून पत्नीचे माहेर सापडू शकते. येथे एक सावधगिरी हवी: आपल्याकडे सून आणि सावत्र मुलगी यांच्यासाठी निराळे शब्द आहेत, परंतु त्या काळच्या इंग्रजीत सुनेसाठीचा शब्द सावत्र मुलीसाठीही वापरला जाई.

एवढे करूनही एकाच पॅरिशमध्ये एकाच वयाचे दोन जॉन जोन्स उरतात, तेव्हा दोघांचाही माग पुढच्या जनगणनांत काढावा लागतो. दुसरा जॉन 1881 मध्ये वेगळी पत्नी आणि वेगळी मुले घेऊन नांदताना दिसला, तरच त्याला वगळावे आणि का वगळले ते लिहून ठेवावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळल्यामुळे परक्यांची घराणी आपली म्हणून वंशवृक्षात शिरलेली मी पुष्कळदा पाहिली आहेत.

1931 ची कागदपत्रे 1942 मध्ये आगीत नष्ट झाली आणि 1941 मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही, म्हणून त्याआधीच्या नोंदींचे मोल अधिक आहे. त्यांतही 1911 चे तक्ते मला विशेष जवळचे वाटतात, कारण ते बहुधा कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेले आहेत. विवाहाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांपैकी किती वारली, हे त्यांत विचारलेले होते. दोन जनगणनांच्या मधल्या काळात जन्मून मरण पावलेले मूल कोणत्याही यादीत येत नाही. आईबापांनी लिहिलेल्या या आकड्यावरूनच ते होते हे कळते, आणि मग जन्म-मृत्यूच्या नोंदींत त्याचे नाव शोधता येते.