वायफायचा पासवर्ड आणि भट्टीजवळचा फोन

बेळगावात टिळकवाडीचं तिसरं रेल्वे गेट ओलांडलं आणि खानापूर रोडनं थोडं पुढं आलं की हे उद्यमबाग, कारखान्यांची वसाहत. वाळूचा वास, ग्राइंडरचा आवाज, आणि गेटवर डब्याची पिशवी अडकवून आत शिरणारी माणसं. कोण अनगोळचं, कोण वडगावचं, कोण चंदगडकडनं पहाटेची एसटी पकडून आलेलं. प्रत्येकाच्या खिशात एक फोन. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा एवढा स्वस्त झाला की कंपनीनं वायफाय दिलं काय आणि बंद केलं काय, त्या फोनला काहीच फरक पडत नाही. कामाच्या वेळेत कुणी स्वतःसाठी फोन-नेट वापरू नये म्हणून मालक लोक अजून वायफायचाच पासवर्ड बदलत बसलेत.

मी स्वतः इथं एका ऑफिसात अकाउंट्सला होतो, नाव सांगत नाही. एक दिवस आमच्यातल्या एका ताईंच्या कॉम्प्युटरची ब्राउझर हिस्टरी प्रिंट काढून सगळ्यांसमोर वाचून दाखवली. काय होतं त्यात? पोरीचा सेकंड पीयूचा, म्हणजे बारावीचा रिझल्ट, गॅस सिलिंडरचं बुकिंग, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये जमा झाले काय ते, आणि एका डॉक्टरची अपॉइंटमेंट, जी तिनं घरात पण अजून कुणाला सांगितली नव्हती. काम कुठलं राहिलं होतं ते कुणी विचारलंच नाही, राहिलं नव्हतंच काही. त्यानंतर ती बाई जेवायला आमच्यात बसायची बंद झाली. मला अजून ते आठवलं की राग येतो, कारण मी पण तिथं गप उभा होतो.

मालकाची बाजू खोटी आहे असं नाही हं. कास्टिंगची, म्हणजे ओतलेल्या लोखंडी भागांची गाडी कोल्हापूरला निघाली तर कोगनोळीच्या पुढं दुसरं राज्य लागतं, 50,000 रुपयांच्या वरचा माल असला की ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढायचा कागद पाहिजेच, आणि नेमकं त्या वेळेला चार जण मॅच बघूलालेत म्हणून लाइन जाम, पोर्टल उघडत नाही, ड्रायव्हर गेटवर हॉर्न मारतोय. हे होतं. खरं याचा इलाज माणसामागं हेर लावणं नव्हे, राउटरमध्ये आहे. बिलिंगच्या कॉम्प्युटरला नेटचा पहिला मान द्यायचा, स्टाफच्या फोनांना वेगळं गेस्ट नेटवर्क करून त्याचा स्पीड बांधून टाकायचा, व्हायरसच्या, जुगाराच्या साइट फायरवॉलवर बंद करायच्या. नेटवाला पोरगा एका दुपारीत करून देतो, आणि कुणाची एक ओळ वाचावी लागत नाही.

आता शॉपवर, म्हणजे कारखान्यात कामाच्या जागी या. इथं माझं मत एकदम उलटं आहे. ही इंडक्शन भट्टी, आतलं लोखंड 1400 डिग्रीच्या आसपास. वितळलेल्या लोखंडाचं भांडं, लॅडल, घेऊन दोघं चाललेत आणि तिसरा रील बघत वाटेत उभा आहे, तर तिथं प्रायव्हसी वगैरे काही नाही, फोन लॉकरमध्येच पाहिजे, आणि मालकाचा फोनसुद्धा. सीएनसीवरची, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवरची गोष्ट जरा वेगळी. जॉब, म्हणजे कापायचा भाग, लावला, दार बंद केलं, की पाच-सहा मिनिटं मशीनच कापत असतं, ऑपरेटरनं करायचं काय? हात आपोआप खिशात जातो. सुपरवायझर येऊन "काय करूलालैस रे?" म्हणून ओरडतो. त्याच वेळेत मागच्या जॉबचं माप गेजनं तपासायचं, त्याची बर, म्हणजे कडेला राहिलेली धारदार कोर, काढायचं काम नीट लावून दिलं असतं तर फोन निघाला नसता, असं मला इथल्याच एका जुन्या फोरमन मामांनी सांगितलं आणि ते पटलं.

कायद्याचं म्हणाल तर 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ती केस लावणारे पुट्टस्वामी हे कर्नाटक हायकोर्टाचेच निवृत्त न्यायमूर्ती. नंतर 2023 ला संसदेनं डेटा संरक्षणाचा कायदा केला, त्यात नोकरीच्या कारणासाठी, कंपनीचं नुकसान टाळायला माहिती वापरायची मुभा मालकाला ठेवलीय. तिकडं युरोपात रोमानियाच्या एका इंजिनिअरचे भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी केलेले चॅट कंपनीनं काढून त्याला 2007 ला कामावरनं काढलं होतं. पर्सनल वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होतं. तरी 2017 ला युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं निकाल त्याच्या बाजूनं दिला, कारण आपलं बोलणं वाचलं जाणार आहे, किती वाचलं जाणार आहे, हे त्याला आधी नीट सांगितलंच नव्हतं.

आधी सांगणं. इथंच आमच्याकडं गाडी अडते. जॉइन होताना जाडजूड इंग्लिश कागदावर सही घेतात, बाणाचं चिन्ह असतं तिथं करायची. मोल्डिंगवरचा, म्हणजे वाळूचे साचे करणारा माणूस मराठी बोलतो, शेजारचा कन्नड, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला बिहारची पोरं. त्या कागदात काय आहे हे तिघांनाही माहीत नाही, आणि उद्या त्याच कागदावर मेमो मिळतो. भाषेसाठी एवढी वर्षं भांडणाऱ्या या गावात नियम कामगाराच्या भाषेत नसावा याचं मला फार वाईट वाटतं.

एका छोट्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात मात्र मी वेगळं बघितलं. हजेरीच्या टाइम ऑफिसच्या भिंतीवर एकच पान, मराठी, कन्नड, हिंदी. भट्टी आणि क्रेनखाली फोन नाही. ऑफिसात घरचं काम असेल तर दहा मिनिटं, विचारायची गरज नाही. कंपनीच्या कॉम्प्युटरवर कुठल्या साइट उघडल्या याची नोंद राहते, ती कोण बघणार आणि कशासाठी, त्याचं पण लिहिलंय. आणि खाली टाइम ऑफिसचा लँडलाइन नंबर, घरच्यांना द्यायला.

दुपारी पाऊणला तो फोन वाजला. क्लार्कनं उचलला, ऐकलं, आणि दारातनं मोठ्यानं हाक मारली, "अरे, आईला ॲडमिट केलंय म्हणतात, लवकर ये!" मोल्डिंगवरचा पोरगा वाळूचे हात झाडत पळत आला.