विश्वासाची परंपरा राहू द्या, तांब्याचं वजन सांगा

नमस्कार. विषय जाहीर झालाय 'उत्पादनाच्या पानाची मांडणी', म्हणजे संकेतस्थळावर वस्तू विकायला ठेवतो त्या पानाची. मांडणीकडे येणारच आहे, पण आधी पहिल्या ओळीचं बघू, कारण बहुतेक पानं तिथेच मार खातात.

'आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत.' अहो, माणूस रिक्षात बसून, एका हातात फोन धरून बघतोय. त्याला तांब्या हवाय, पेढा नको. स्वागताखाली पाच सरकते फोटो. दुसऱ्यावरचा मजकूर वाचेपर्यंत तिसरा हजर. आणि त्याखाली 'गुणवत्ता, विश्वास आणि परंपरेचा अनोखा संगम'. हे वाक्य लोणच्याच्या पानावर चिकटवून बघा, बसतं. गाद्यांच्या पानावरही बसतं. पतसंस्थेच्या पानावर तर काय शोभतं! जे शेजारच्या दुकानालाही चालतं, ते सरळ खोडा.

आपल्या पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतला तांब्या घेऊ. पानावर लिहिलेलं असतं 'हस्तकलेचा उत्कृष्ट नमुना'. अहो, त्यावर मठारकाम आहे! हातोडीचे ठोके ओळीने मारलेत, त्याने पत्रा कडक होतो आणि उजेड पडला की भांडं चमकतं. हे लिहा. फोटो जवळून घ्या, उजेड बाजूने पाडा, म्हणजे ठोके दिसतील. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट. मग मापं. 1 लिटर म्हणजे काठोकाठ, की गळ्यापर्यंत? तोंडाचा व्यास किती, म्हणजे घासायला हात आत जातो का? रिकाम्याचं वजन ग्रॅममध्ये, पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये. वजन लिहिलं नाही की गिऱ्हाईक धरूनच चालतं, पत्रा पातळ आहे.

उणी बाजूही तुम्हीच सांगा. 'तांबं काळवंडतं, तो बिघाड नव्हे. चिंच-मीठ लावून घासा. आतून कल्हई नाही, म्हणून ताक, सरबत ठेवू नका.' यावर लगेच शंका निघते, गिऱ्हाईक पळेल. ताकासाठी भांडं शोधणारा जाईल, जाऊ द्या. तो नाहीतरी भांडं परत पाठवणारच होता. दुकानावर '1 ते 4 बंद' अशी पाटी लावणारं आपलं शहर संकेतस्थळावर आलं की एकदम लग्नपत्रिकेच्या भाषेत बोलायला लागतं, हे काही मला उलगडत नाही.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. मांडणी आता धावतपळत.

फोनवर पान न सरकवता एवढं दिसलं पाहिजे: फोटो, मापासकट नाव, सर्व करांसह किंमत, पिनकोड टाकला की पोचवण्याचा खर्च आणि दिवस, आणि एक ठळक बटण. एकच. 'विकत घ्या', 'चौकशी करा', 'व्हॉट्सअ‍ॅप करा' असे तीन हिरवे ठोकळे नकोत. पोचवण्याचा खर्च शेवटच्या पायरीवर काढलात, तर लोक तिथूनच परत फिरतात. शिवाय किंमत अशी हप्त्याहप्त्याने उघड करणं केंद्र सरकारच्या 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फसव्या क्लृप्त्यांत मोडतं.

बटण निदान 48 पिक्सेल उंच हवं. पत्त्याच्या रकान्यातली अक्षरं 16 पिक्सेलपेक्षा लहान असली, तर आयफोन पान आपोआप मोठं करतो आणि बटण पडद्याबाहेर जातं. मुख्य फोटो अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष. कॅमेऱ्यातली 6 एमबीची फाइल तशीच चढवू नका. वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात करून 150 केबीच्या आसपास आणा. तिची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो येताच मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलतीकडे पडतं.

खाली मापांचा तक्ता, परतीची अट, त्यात कुरिअरचा खर्च कोणाचा तेही. 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही द्या.

बदल एका वेळी एकच करा, आणि आधीच्या-नंतरच्या आठवड्यांची तुलना करताना पंचांग बघा. पितृपक्षात विक्री पडली, तर ती बटणाच्या रंगामुळे नव्हे. बाकीचे प्रश्न चहाबरोबर घेऊ.