घाटात पेडल खाली का जातं?

(दृश्य: आंबेनळी घाट. वळणांवरून उतरणाऱ्या गाड्या, लाल होणारे ब्रेकलाईट.)

महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलं की आपण कोकणच्या सखल पट्ट्यात येतो. १२०० किलो वजनाची गाडी या वाटेवर हजार-बाराशे मीटर खाली येते. तिचा वेग वाढू द्यायचा नसेल, तर उतरण्यातली सगळी ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. हिशेब केला, तर तेवढ्या उष्णतेत चाळीसेक लिटर पाणी उकळीला येईल.

डिझेल-पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणारे, म्हणजे गियरमधल्या इंजिनाचा अडसर काढून टाकणारे हुशार लोक यातली बहुतेक उष्णता ब्रेकच्या गळ्यात घालतात. त्यातही मोठा वाटा पुढच्या चाकांबरोबर फिरणाऱ्या दोन डिस्कवर पडतो.

(दृश्य: प्रतापगडाचा फाटा, चहाची टपरी. उभ्या गाडीच्या पुढच्या चाकाचा क्लोजअप.)

घाटात जळका वास येतो, म्हणून गाडी बाजूला घेतली. पाच मिनिटांत चहा झाला. निघताना पाय ठेवला, तर पेडल थेट तळाला. चालत्या गाडीत डिस्कला वारा लागत होता, तो थांबला. डिस्क आणि तिला आवळणाऱ्या पॅडची धग, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये शिरली आणि आतलं ब्रेक ऑईल उकळलं. ऑईल दाबलं जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पाय खाली जातो, चाकाला काही कळत नाही.

नुसते पॅड तापले असते, तर पेडल टणक राहिलं असतं, पण गाडी थांबली नसती. पेडल तळाला गेलं, म्हणजे दोष ऑईलमध्ये.

खरी पंचाईत पुढे आहे. अर्ध्या तासात सगळं निवतं, वाफेचं परत पाणी होतं, पेडल जागेवर येतं. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली, तर ब्रेक ठणठणीत! मिस्त्री पॅड बघतो, ऑईलची लेव्हल बघतो आणि ‘काही नाही साहेब’ म्हणून गाडी परत देतो.

(दृश्य: बॉनेट उघडलेलं. ब्रेक ऑईलची टाकी, आत काळपट ऑईल.)

लेव्हल बरोबर असली, तरी ऑईलचं वय कोणी विचारत नाही. हे ऑईल हवेतलं बाष्प ओढून घेतं. रबरी होज पाईपांतून, टाकीच्या झाकणातून ते हळूहळू आत येत राहतं. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑईलच्या प्रती. नवं डॉट ४ ऑईल २३० अंशांच्या आत उकळता कामा नये. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं, की ती मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ असेल, तर १४०. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलायचं, गाडी कमी फिरली असली तरी. कोकणातल्या पावसात उभ्या गाडीचं ऑईलही पाणी पितच असतं.

लेव्हल खाली गेली म्हणून वरून ओतत राहणं ही तर वाईट सवय. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि लेव्हल आपसूक उतरते. पॅड जाड असूनही ती उतरत असेल, तर गळती शोधा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर त्या चाकाचा ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर गळतोय. पाय दाबून धरल्यावर पेडल सावकाश खाली सरकतंय आणि बाहेर कुठे थेंबही नाही, तर पेडलचा जोर ऑईलवर देणाऱ्या मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलं.

(दृश्य: गॅरेज. पोरगा ड्रायव्हर सीटवर, मिस्त्री मागच्या चाकाजवळ. पारदर्शक नळी, बाटली.)

“दाब.”
“दाबला.”
“धरून ठेव. सोडू नको!”

जुनं ऑईल आणि आतली हवा बाहेर काढायचं काम चाललंय. चाकाजवळचा, ऑईल बाहेर सोडणारा निप्पल ढिला होतो. नळीतून काळपट ऑईल येतं, त्याबरोबर बुडबुडे. निप्पल आवळल्यावरच पाय उचलायचा, नाहीतर बाहेरची हवा आत ओढली जाते. बरेच जण सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. पण क्रम प्रत्येक गाडीचा वेगळा असू शकतो. एबीएस असेल, तर कंपनीचं पुस्तक उघडलेलंच बरं.

पेडल तळाला टेकू नये म्हणून खाली ठेवलेला लाकडाचा ठोकळा दिसतोय? जुन्या गाडीत पेडल एरवी कधी तळापर्यंत जात नाही. मास्टर सिलिंडरच्या त्या भागात गंज धरलेला असतो. तिथे रबर घासलं, तर धड सिलिंडरही गळायला लागतो. हा ठोकळा कुठल्याही बिलात लिहिलेला नसतो, पण मिस्त्री किती जुना आहे ते त्यावरून कळतं.

काम झालं. इंजिन बंद ठेवून तीन-चारदा पेडल मारायचं, मग दाबून धरून स्टार्टर. पेडल किंचित खाली सरकलं, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर ठीक. मडगार्डवर ऑईलचे थेंब पडलेत, ते लगेच पाण्याने धुतले, नाहीतर रंग उठतो. डब्यात थोडं ऑईल उरलंय. उघडा राहिलेला डबा पुढच्या गाडीला चालत नाही.

आणि टाकीच्या झाकणाशेजारी मिस्त्री एक पट्टी चिकटवतो. तिच्यावर आजचा महिना आणि वर्ष.