हँडल, सीट आणि फूटरेस्ट : गाडी आपल्या अंगाला बसवताना

मित्रहो, हँडल, सीट आणि फूटरेस्ट या तीन ठिकाणांनी तयार होणाऱ्या बैठकीच्या त्रिकोणाविषयी मी आज बोलावे, असे ठरले आहे. त्या त्रिकोणाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरविषयी बोलल्यावाचून मला राहवणार नाही, कारण या सभागृहातील अनेकांची मनगटे त्या लिव्हरमुळेच दुखत असावीत, असा माझा कयास आहे.

पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. नवी गाडी घेतली त्या वर्षी हा प्रवास मी महिन्यातून एकदा तरी करीत असे. खंबाटकीपर्यंत काही जाणवत नसे. साताऱ्याच्या पुढे मात्र दोन्ही हातांच्या अंगठ्याला, तर्जनीला आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊ लागत आणि कराडला चहाचा पेला उचलावा तर पकडीत जोर उरलेला नसे. मी जाड हातमोजे घेतले, मुठींवर मऊ फोम चढवला, एका डॉक्टरांनाही दाखवले. मनगटातून एक नस अरुंद बोगद्यातून जावी तशी तळहातात शिरते आणि मनगट फार वेळ मागे वाकलेले राहिले की ती दबते, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितले आणि काही महिने गाडी चालवू नये, असा सल्ला दिला. त्यांचे निदान बरोबर होते; परंतु मनगट मागे का वाकत होते, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर मला कराडजवळच्या एका रस्त्याकडेच्या गॅरेजात मिळाले. तेथील वयस्क मिस्त्रींनी मला गाडीवर बसवले आणि म्हणाले, ‘‘डोळं मिटा, हात मुठीवर टाका आणि बोटं सरळ लांब करा.’’ मी तसे केले. ‘‘आता उघडा. बोटं कुठं आणि लिव्हर कुठं, बघा.’’ माझी बोटे लिव्हरच्या चांगली दोन बोटे खाली होती. म्हणजे ब्रेक किंवा क्लच धरण्यासाठी, किंवा वाहतुकीत नुसती बोटे तयार ठेवण्यासाठीही, मला प्रत्येक वेळी मनगट मागे मोडून पंजा वर उचलावा लागत होता. त्यांनी दहा नंबरच्या पान्याने लिव्हरच्या पट्टीचे बोल्ट थोडे सैल केले, दोन्ही लिव्हर खाली फिरवून कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेष येईल अशा ठेवल्या, त्याच पट्टीवर असल्यामुळे कलंडलेले आरसे पुन्हा नीट केले आणि बोल्ट आवळले. या सगळ्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. त्या संध्याकाळी कोल्हापुरात उतरलो तेव्हा बोटे माझी मला जाणवत होती.

माझी तक्रार अशी आहे की, हे काम गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशीच व्हायला हवे होते. त्या दिवशी मला विम्याची कागदपत्रे समजावून सांगण्यात आली, हार घातला गेला, पेढे वाटले गेले, फोटोही निघाला. परंतु ‘‘साहेब, एकदा बसून हात पुढे करा’’ असे कोणी म्हटले नाही. शर्टाची बाही अर्धा इंच लांब झाली तर आपण शिंप्याकडे परत जातो, आणि रोज दोन तास जिच्यावर बसायचे ती गाडी मात्र पाच फुटांच्या माणसाने आणि सहा फुटांच्या माणसाने एकाच मापाची घेऊन घरी जायचे, हे मला आजही पटत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा त्रिकोण भराभर सांगतो. सुरुवात सीटपासून करावी, कारण बाकीची मापे तिच्यावरून ठरतात. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटरवर असते, तर हिमालयन ४५० ची सीट ८२५ किंवा ८४५ अशी हवी त्या उंचीवर बसवता येते. पण उंचीइतकाच उतारही महत्त्वाचा आहे. सीट पुढे उतरती असली की आपण टाकीकडे घसरतो आणि स्वतःला मागे रेटण्याचे काम हातांवर येते. फोम बदलण्याआधी मागचे शॉकअप पाहावेत. एकट्या स्वारासाठी ते फार कडक ठेवले असतील तर गाडीची मागची बाजू उचललेली राहते, म्हणून ते एखादी खाच सैल करावेत. एवढ्याने भागले नाही तर सीटवाल्याकडून फोमचा उतार काढून घ्यावा. नुसता मऊ फोम भरू नये, तो तासाभरात दबतो आणि माकडहाड खालच्या पत्र्याला टेकू लागते.

फूटरेस्ट बहुधा जागेवरून हलत नाही, पण त्याच्या शेजारची पेडले हलतात. ब्रेकवर पाय ठेवताना घोटा वर ओढावा लागत असेल तर पेडलची उंची त्याच्या बोल्टने कमी करावी आणि त्यानंतर ब्रेकचा मोकळा खेळ, म्हणजे ब्रेक लागू लागण्याआधी पेडल जेवढे सहज दबते ते अंतर, व ब्रेक लाइटचा स्विच न विसरता पुन्हा जुळवावा. गिअर लिव्हर दात्यांच्या दांड्यावर बसलेली असेल तर ती काढून एक दात खाली-वर करता येते.

हँडल सर्वांत शेवटी. त्याचे बोल्ट सैल करून ते कोपर किंचित वाकलेले राहतील इतके जवळ फिरवावे. पुढे झुकलेली बैठक भरधाव वेगात सोसते, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो आणि तो छातीला आधार देतो. शहरात तो आधार नसतो, सारे वजन मनगटांवर येते. हँडल वर घेतल्यास ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, आणि इंजिन चालू असताना हँडल वळवल्यावर त्याचा वेग आपोआप वाढत नाही ना, हे रस्त्यावर जाण्याआधी पाहिलेच पाहिजे.

प्रश्न बरेच असतील, परंतु सभागृह रिकामे करायचे आहे. दहाचा पाना माझ्या पिशवीत आहे आणि मी अजून तासभर खाली पार्किंगमध्ये थांबणार आहे. ज्यांची बोटे सुन्न होतात त्यांनी गाडीची किल्ली घेऊन यावे.